हाताशी आलेलं बटण

पुणे, १८ जून

चि. छकुलीस,

तुझं पत्र मिळालं. सोबत पाठवलेले भीमपलासचे तुकडे दोनदा ऐकले. "मामा, एका रात्रीत त्रेचाळीस टेक झाले आणि त्यातला एकही पुरता नाही," असं तू लिहितेस. पुढच्याच ओळीत विचारतेस की लॅपटॉप माजघरात ठेवून आतल्या बाळंतिणीच्या खोलीत गायचं, तर रेकॉर्डिंग चालू-बंद करायला हप्त्यावर आयपॅड घ्यावा का. तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला ते एकाच ठिकाणाहून उगवलेले दिसतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी पैशाचं. आयपॅड घेऊ नकोस. कपाटात पडलेला बाबांचा जुना अँड्रॉइड फोन, काच कोपऱ्यात तडकलेला, तोच बाहेर काढ. रेकॉर्डिंगसाठी तू रीपर हे सॉफ्टवेअर वापरतेस, आणि रीपरमध्ये ही सोय आधीपासून आहे. ऑप्शन्समधून प्रेफरन्सेसमध्ये जा, तिथे कंट्रोल, ओएससी आणि वेब असं पान सापडेल. त्यात वेब ब्राउझर इंटरफेस जोड, पासवर्ड घाल आणि तिथे दिसणारा पत्ता फोनच्या क्रोममध्ये टाक. वेगळं ॲपसुद्धा लागत नाही. प्ले, स्टॉप, रेकॉर्ड आणि ट्रॅकचे फेडर फोनवर उमटतात. जे ॲपलच्या मॅकवर लॉजिक प्रो वापरतात, त्यांना २०१३ पासून लॉजिक रिमोट फुकट मिळतं आणि ते सुरेख आहे. क्यूबेसवाल्यांना, प्रो टूल्सवाल्यांनाही आपापली ॲपं आहेत. पण तुझ्या विंडोजच्या लॅपटॉपसाठी तिकडे बघायची गरज नाही. हप्त्याचे पैसे खोलीत जाड गोधड्या टांगायला आणि माईकच्या एका चांगल्या स्टँडला लाव.

'वायरलेस' या शब्दानं तुझा थोडा घोटाळा झालाय, असं पत्रावरून वाटलं. फोनवरून रेकॉर्डिंग केलं तर आवाज बिघडेल का, असं तू विचारलंस. बायो, फोनमधून आवाज जातच नाही. तुझा गळा माईकमध्ये, माईकची वायर ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेसची वायर लॅपटॉपमध्ये. हा रस्ता होता तसाच राहतो. फोन फक्त निरोप्या आहे. 'सुरू कर', 'थांब', 'तानपुरा थोडा खाली घे' एवढंच तो हवेतून सांगतो. तुझ्या आवाजाचा एक ट्रॅक, ४४.१ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांवर, सेकंदाला साडेदहा लाख बिटं वाहून आणतो. निरोप किती हलके असतात बघ: वाद्ययंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची मिडी नावाची जी भाषा आहे, तिच्यातला एक निरोप साधारण तीन बाइटांचा, म्हणजे २४ बिटांचा असतो. इतकं हलकं ओझं न्यायला तडकलेल्या काचेचा फोन पुष्कळ झाला.

मिडीचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी लिहितो, कारण तुला कुतूहल आहे हे मला माहीत आहे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलनं जोडले गेले आणि एकाची पट्टी दाबल्यावर दुसरा वाजला. एक सिक्वेन्शियल सर्किट्सचा होता, दुसरा रोलँडचा. त्यामागे असलेल्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना पुढे २०१३ साली त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. ही भाषा जगभर टिकली, पण तिच्यात साध्या फेडरला शून्य ते १२७ एवढ्याच पायऱ्या. आपल्या पेटीसारखं समज: पट्टीवरून पट्टीवर उडी, मधली मींड नाही. १९९७ मध्ये बर्कले विद्यापीठात ओपन साउंड कंट्रोल, म्हणजे ओएससी, तयार झालं. ते नेटवर्कवरून चालतं आणि त्यात अपूर्णांक पाठवता येतात, म्हणून फेडर सारंगीच्या बोटासारखा घसरत जातो. टचओएससी नावाचं ॲप आहे ते याच भाषेवरून. फ्रान्समधल्या जॅझम्युटंट कंपनीनं तर आयपॅड यायच्या काही वर्षं आधीच लेमूर नावाची, अनेक बोटांचे स्पर्श एकाच वेळी ओळखणारी काचेची पाटी विकायला काढली होती. आयपॅड आल्यावर ती पाटी बंद पडली आणि लेमूर हे एक ॲप होऊन राहिलं. ज्यासाठी तेव्हा खास यंत्र विकत घ्यावं लागायचं, ते आता तुमच्या कपाटात चार्जिंगविना पडून आहे.

आता जोडणी, कारण तू अडकशील ती इथेच. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर हवेत. राउटरनं पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क दिलेलं असेल तर ते वापरू नकोस, कारण त्यात जोडलेल्या उपकरणांना बहुधा एकमेकांशी बोलता येत नाही. विंडोज पहिल्यांदा विचारेल की रीपरला नेटवर्कवर येऊ द्यायचं का. घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेव आणि हो म्हण. लॅपटॉपचा पत्ता, तो १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा, राउटर अधूनमधून बदलतो आणि मग काल चाललेलं आज चालत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता लॅपटॉपच्या नावे कायमचा राखून ठेव. राउटरमध्ये दोन पट्टे असतील तर ५ गिगाहर्ट्झचा घे. २.४ वर शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हसुद्धा गर्दी करतात. पण ५ चा पट्टा तुमच्या चिऱ्याच्या भिंतींतून नीट जात नाही. तेव्हा राउटर पडवीतून उचलून माजघराच्या दाराशी आण.

एक गोष्ट पक्की समजून घे, कारण पावसाळ्यात तिचाच आधार आहे: याला इंटरनेट लागत नाही. सावंतवाडीत नेट गेलं, चार दिवस आलं नाही, तरी राउटरला वीज आहे तोवर फोनचा निरोप लॅपटॉपला पोचतो. म्हणून राउटरची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात लाव. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि वीज गेल्यावर कळतं की निरोप्याच झोपला.

अडचण उलटीकडून येते. नेट नाही असं दिसलं की काही फोन आपणहून वायफाय सोडून मोबाईल डेटावर जातात, आणि लॅपटॉपशी नातं तुटतं. त्यावर उपाय म्हणजे फोन आधी विमान मोडवर टाकायचा आणि मग फक्त वायफाय चालू करायचं. हे तसंही करायचंच आहे. मुंबईत नोकरीला असताना एका वयस्कर कीर्तनकार बुवांचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. नामाचा गजर शिगेला पोचला आणि कुणाच्या तरी खिशातल्या फोनची ती टर्र-टर्र माईकच्या वायरीत शिरली. टूजीचा फोन सेकंदाला २१७ वेळा तुटक-तुटक प्रक्षेपण करतो, म्हणून तो खडखडाट असा कानाला टोचतो. बुवा पुन्हा गायले, पण तो गजर पुन्हा झाला नाही. त्यानंतर बुवांचं दुसरं रेकॉर्डिंग झालं नाही. हे मी अजून विसरलेलो नाही. आता नवीन नेटवर्कवर तसा खडखडाट कमी येतो, पण घंटी वाजायची ती वाजतेच. माईकपासून दोन हातांवर असलेला फोन विमान मोडवरच हवा. त्याचा स्पर्शाचा आवाज आणि थरथर दोन्ही बंद कर, काचेचा उजेड अगदी मंद कर आणि स्क्रीन आपोआप विझणार नाही असं ठेव. तानपुऱ्याचं ॲप याच फोनवर चालवू नकोस. तानपुरा लॅपटॉपमध्ये वेगळ्या ट्रॅकवर घे आणि हेडफोनमध्ये ऐक.

हेडफोन वायरचाच. इथे मी काहीही ऐकून घेणार नाही. निरोप बिनवायरचा चालेल, आवाज नाही. ब्लूटूथच्या हेडफोनात तुझाच स्वर तुला इतका उशिरा ऐकू येईल की सम कुठे आली तेच कळणार नाही. उशीर किती चालतो याचा अंदाज तुला बैठकीवरून येईल. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तबलजी तुझ्यापासून दीड मीटरवर बसला तर त्याचा ठेका तुला साडेचार मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो, आणि तो उशीर कुणाला जाणवत नाही. 'रेकॉर्ड सुरू' हा निरोप वीस-तीस मिलिसेकंदांनी उशिरा पोचला तर काहीच बिघडत नाही, तू अजून श्वासच घेत असतेस. पण फोनच्या काचेवर बोटानं तबल्याचे बोल वाजवायला जाशील तर मात्र फसशील. वायफायचा उशीर स्थिर नसतो. एकदा पाच, एकदा चाळीस. ठरावीक उशिराशी हात जुळवून घेतो, लहरी उशिराशी कुणाचाच हात जुळत नाही. वाजवायचंच असेल तर फोन केबलनं जोड. अँड्रॉइडच्या यूएसबी पर्यायांत मिडी असतं.

आता त्या त्रेचाळीस टेकांकडे येतो. माझं खरं सांगणं एवढंच आहे. वरचं सगळं तुला कुणीही सांगितलं असतं.

मी काम शिकलो ते टेपच्या दिवसांत. चोवीस ट्रॅकचं यंत्र कपाटाएवढं, खोलीच्या एका टोकाला, आणि त्याचा रिमोट एका जाड केबलवर चाकांच्या स्टँडवर, रेकॉर्डिस्टच्या कोपराशी. माझं पहिलं काम त्या रिमोटपाशी उभं राहायचं. म्हणजे यंत्रापासून दूर बसून यंत्र चालवणं ही काही फोनची कल्पना नाही. पण एक फरक होता. गाणारा माणूस काचेपलीकडे असायचा आणि त्याच्या हाताशी कसलंच बटण नसायचं. दोन इंची टेपचं अडीच हजार फुटांचं रीळ, सेकंदाला ३० इंच वेगानं, साडेसोळा मिनिटांत संपायचं, आणि ते रीळ महाग असायचं. तरीसुद्धा गायकाचा एखादा स्वर उतरला की आमचे वरिष्ठ लगेच थांबवत नसत. त्यांचं बोट बटणाजवळ जायचं आणि तिथेच थांबायचं. चुकलेल्या जागेनंतर गाणारा काय करतो ते ते ऐकत. बऱ्याचदा चुकल्यावर गायक सावध होतो, आवाज मोकळा सोडतो, आणि पुढच्या आवर्तनात अशी जागा घेतो की सगळ्यांनी माना वर कराव्यात. ती जागा मिळायची कारण थांबायचं की नाही हे गायकाच्या हातात नव्हतं.

आता तुझ्याकडे बघ. गायिका तू, रेकॉर्डिस्ट तू, रिमोटपाशी उभी असलेली मदतनीस तू. आत्तापर्यंत निदान लॅपटॉप चार पावलांवर होता, उठायचा कंटाळा होता, तरीही तू त्रेचाळीस वेळा थांबलीस. तुझे तुकडे मी ऐकले ते याच कानानं. सोळाव्यात पंचम किंचित खाली गेला आणि तू तिथेच तोडलंस. एकविसाव्यात मुखडा इतका छान आला होता, आणि समेवर पेटीचा भाता खरखरला म्हणून तू उठलीस. उद्या बटण गुडघ्याशी आलं की तू शंभर टेक करशील, आणि त्यांतला प्रत्येक आणखी लहान असेल. सोय जितकी जवळ येते तितकी आपली सहनशक्ती आखूड होते, हे मी माझ्या स्टुडिओत नव्या मुलामुलींमध्ये रोज बघतो. ती कामसू मुलं आहेत. त्यांचा दोष एवढाच की चुकलेल्या स्वरानंतरचे चार स्वर त्यांनी कधी ऐकलेलेच नाहीत.

म्हणून फोनवर तीनच गोष्टी ठेव. वरच्या कोपऱ्यात रेकॉर्ड, लहान. खालच्या कोपऱ्यात स्टॉप, तोही लहान. आणि मधे, जवळजवळ सगळी काच व्यापेल एवढी मोठी, खूण. रीपरमध्ये चालू रेकॉर्डिंगमध्ये त्या क्षणावर खूण टाकायची क्रिया आहे, तिचा क्रमांक ४०१५७. काही चुकलं असं वाटलं की भात्यावरचा हात सवडीनं काढ, न बघता काचेवर ठेव आणि पुढे गा. बस. खूण पडली, गाणं थांबलं नाही. काचेला मोटरच्या फेडरसारखी कड नसते, बोटाला काही लागत नाही, म्हणून बटण इतकं मोठं हवं की नजर तिकडे वळायला नको. रेकॉर्डचं बटण कोपऱ्यात ठेवायला सांगतोय त्यालाही कारण आहे: रेकॉर्डिंग चालू असताना तेच पुन्हा दाबलं तर रेकॉर्डिंग थांबतं. 'थांबव आणि रेकॉर्ड केलेलं पुसून टाक' अशीही एक क्रिया रीपरमध्ये आहे, क्रमांक ४०६६८. ती फोनवर कधीही ठेवू नकोस. रागाच्या भरात दाबायला ती फार सोपी आहे. असं तीन बटणांचं पान साध्या टाइप केलेल्या फाइलीनं बनतं. ते मी लिहून पाठवतो, तू फक्त योग्य फोल्डरमध्ये टाक.

फोन पेटीच्या झाकणावर ठेवू नकोस, सुरांबरोबर तो खडखडतो आणि माईक ते उचलतो. उजव्या गुडघ्याशेजारी घडी घातलेल्या पंचावर ठेव. घामाची बोटं काचेवर दगा देतात, शेजारी कोरडा रुमाल असू दे. रेकॉर्ड दाबल्यावर लगेच गाऊ नकोस. तानपुऱ्याची दोन आवर्तनं जाऊ दे, हात मांडीवर येऊ दे, खोलीची शांतताही रेकॉर्ड होऊ दे. पुढे जोडकाम करताना तीच शांतता उपयोगी पडते. आणि शेवटचा षड्ज संपल्यावर स्टॉपकडे झेपावू नकोस. तुझ्या चांगल्या आलेल्या दोन तुकड्यांत स्वराची आस अर्धवट कापली गेली आहे, मागे साडीची सळसळ ऐकू येते. मनात सावकाश दहा आकडे मोज आणि मग हात हलव.

पूर्ण बंदिश झाली की फोन पालथा ठेव. तरंगांचं चित्र बघायचं नाही. बाहेर जा, पाणी पी, आणि मग लॅपटॉपवर खुणांवरून खुणांवर जात ऐक. पाच खुणांपैकी तीन ठिकाणी तुला काही चूक सापडणारच नाही, बघ. गाताना जी ठेच लागली असं वाटतं ती ऐकणाऱ्याला बऱ्याचदा लागलेलीच नसते. उरलेल्या दोन जागा पुढच्या टेकमधून घे.

फेडरबद्दल थोडं. फोनवरचा तुझ्या आवाजाचा फेडर वरखाली केलास तर ऐकू येणारा आवाज बदलतो, रेकॉर्ड होणारा नाही. रेकॉर्ड होणारी पातळी इंटरफेसवरच्या गोल बटणानं ठरते आणि तुझ्या दोन माईकांच्या इंटरफेसवर ते बोटानंच फिरवावं लागतं. तान घेताना पातळी लाल होत असेल तर फोन काहीही करू शकणार नाही. गायच्या आधी सगळ्यात जोराची तान घेऊन ते एकदा लाव आणि मग विसर.

फेडरचा खरा आनंद मिक्सिंगच्या वेळी आहे. स्पीकरसमोर बसून आवाज आणि तबला यांचा तोल कधीच नीट कळत नाही. आम्ही दार उघडं टाकून बाहेरच्या बोळात जाऊन ऐकायचो, परत येऊन फेडर हलवायचा, पुन्हा बाहेर. आता तू फोन घेऊन सरळ स्वयंपाकघरात जा. ताई भाकरी थापत असेल, त्या आवाजात बंदिशीचे शब्द कळतात का बघ. नाही कळले तर तिथूनच आवाज केसभर वर घे आणि ताईला विचार. पडवीत जा, झोपाळ्यावर बस, ऐक. तुझं गाणं लोक स्टुडिओत बसून ऐकणार नाहीत, असंच कामं करता करता ऐकणार आहेत. फोननं मला काही खरोखर नवं दिलं असेल तर ते हे: हात फेडरवर ठेवून ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बसता येतं. माझ्या उमेदीच्या काळात हे असतं तर मी कितीतरी गाण्यांतले शब्द वर आणले असते.

आत्ता कौलांवर पावसाचा ताशा असेल, त्यामुळे पहाटे चार-साडेचारला उघडीप मिळेल तेव्हाच बस. भीमपलास दुपारचा राग, हे मला ठाऊक आहे. पण पाऊस ऐकणार नाही. गणपतीला मी येतो आहे. तोवर मला एकच फाइल पाठव: मध्यलय तीनतालातली ती बंदिश, पहिल्या आकारापासून शेवटच्या षड्जापर्यंत, मधे कुठेही न कापलेली, खुणांसकट. खुणा कितीही असोत. माझ्याकडे एक जुना राउटर पडून आहे, तो घेऊन येतो, त्यामुळे नवीन विकत घेऊ नकोस. देवळातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं म्हणतेस, त्या वेळी तो सभामंडपात कामाला येईल.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. फोनचा पासवर्ड बाबांना विचारून घे, नाहीतर तीन वेळा चुकवून बसशील.

तुझा,
मामा